बिस्किटात सोडे

कर्जत-खालापूर रायगडातले तालुके, पण समुद्र लांब! रेल्वे खोपोलीला आली १८५६ मध्ये, बोरघाट चढली १८६३ मध्ये. त्याआधी माल बैलांच्या भरवशावर. ताजी मासळी पोचणार कशी? म्हणून सोडे, सुकट, बोंबील. उन्हात वाळवलेलं टिकतं.

आता गंमत बघा. 'बिस्किट' या शब्दाचा मूळ अर्थ 'दोनदा भाजलेलं', तेही जहाजावर महिनोन्‌महिने टिकावं म्हणून. दोघांचं लॉजिक एकच: पाणी काढा, माल टिकवा!

म्हणून घरी खारी बिस्किटं भाजताना सारणात ओली कोळंबी नको, बिस्किट मऊ पडतं. सोडे थोडे भिजवून, कांदा-मसाल्यात कोरडे होईपर्यंत परतून भरा.

आज्यांनी फ्रीजशिवाय चालवलेलं हे डोकं फ्रीजच्या काळात हरवू नये, एवढंच.