पाचगणीचा विद्यार्थी आणि ‘क्वीन’

मागील हिवाळ्यात आमच्या करकंब गावी कबड्डीचे सामने भरले होते. अंतिम सामना संपला आणि ध्वनिक्षेपकावरून एक ठेका सुरू झाला : दोनदा पाय आपटणे, एकदा टाळी. पोरेसोरे, म्हातारेकोतारे, कुंपणाबाहेर थांबलेले ऊसतोड मजूर, सारेच नकळत तो धरू लागले. शेजारच्या महाविद्यालयीन तरुणाला मी विचारले, “हे कोणाचे रे?” “इंग्लंडचा बँड आहे, फादर. क्वीन.” त्या बँडचा मुख्य गायक आपल्या सातारा जिल्ह्यात शिकला, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. मलाही ते उशिराच कळले होते.

फारोख बल्सारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबार येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या चाकरीत होते. मुलाला उत्तम शिक्षण मिळावे म्हणून वयाच्या आठव्या वर्षी त्याला समुद्रमार्गे भारतात धाडण्यात आले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात तो दाखल झाला. मी स्वतः लहान वयात सेमिनरीत गेलो. घरच्या पत्राची वाट पाहणारे मूल कशात तरी जीव रमवते, हे मी जाणतो. या मुलाने तो पियानोत रमवला. फ्रेडी हे नाव त्याला तेथेच मिळाले. १९५८ साली पाच विद्यार्थ्यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला, त्यात फ्रेडी पियानो वाजवी. गंमत अशी, की पुढे जगाने ज्याचा कंठ डोक्यावर घेतला तो तेथे मुख्य गायक नव्हताच.

१९६३ साली तो झांजिबारला परतला. पुढल्याच जानेवारीत तेथे क्रांती झाली, रक्तपात झाला आणि बल्सारा कुटुंब इंग्लंडला, लंडनजवळच्या फेल्टमला, आश्रयाला गेले. फ्रेडीने ईलिंगच्या कलामहाविद्यालयात आरेखनाचे शिक्षण घेतले. क्वीनचे राजमुद्रेसारखे बोधचिन्ह त्यानेच रेखाटले.

१९७० साली गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने क्वीनची स्थापना केली. बल्साराचा तो मर्क्युरी झाला. पुढल्या वर्षी जॉन डीकन आला. मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी होता. त्याची गिटार त्याने व त्याच्या वडिलांनी घरीच बनवली होती, तीही एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून! ती तो आजही वाजवतो. १९७३ सालची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणजे कर्कश, दणदणीत हार्ड रॉक. तिची फारशी दखल कोणी घेतली नाही. १९७५ साली ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ आले. जवळजवळ सहा मिनिटांचे, मध्येच ऑपेराचे रूप घेणारे गीत रेडिओवर कोण लावणार, असे जाणकारांचे मत होते. ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले.

या बँडच्या दीर्घायुष्याचे एक कारण मला असे दिसते, की येथे एकट्याची मिरास नव्हती. चौघांपैकी प्रत्येकाने गाजलेली गीते लिहिली. अबोल डीकनच्या गीतानेही १९८० साली अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला. दुसरे कारण त्या करकंबच्या मैदानावर ऐकू येत होते. १९७७ साली इंग्लंडमधील एका कार्यक्रमानंतर श्रोते जागचे हलेनात, आपणहून गाऊ लागले. मे विचार करू लागला : दाटीवाटीने उभा असलेला माणूस काय करू शकतो? पाय आपटू शकतो, टाळी वाजवू शकतो, गाऊ शकतो. त्यातून तो ठेका जन्मला. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चर्चच्या सभागृहात, लाकडी फळ्यांवर पाय आपटून त्याचे मुद्रण झाले. त्या ठेक्यात ड्रमचा आवाज नाहीच. पंढरपूर आमच्या शेजारी आहे. पुढचा चाल धरतो आणि मागचे शेकडो टाळकरी ती उचलतात, हे पाहत वाढलेल्यास यात नवल वाटू नये.

सारेच गौरवास्पद होते असे नाही. १९८४ साली वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर कलावंतांचा बहिष्कार असताना क्वीनने सन सिटी येथे कार्यक्रम केले. आम्ही राजकारणी नव्हे, वादक आहोत, ही त्यांची सबब मला पटत नाही. पुढल्याच वर्षी १३ जुलैला, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी योजलेल्या ‘लाइव्ह एड’मध्ये, वेम्बलीच्या मैदानावर त्यांना जेमतेम वीस मिनिटे मिळाली. फ्रेडीने एक तान घ्यावी आणि सुमारे सत्तर हजार लोकांनी ती परत करावी, असा तो प्रसंग होता.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी आपल्याला एड्स असल्याचे त्याने जाहीर केले. दुसऱ्या दिवशी तो गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता. त्या काळी या रोगाचे नाव आपल्या घरांतूनही कुजबुजत घेतले जाई. अशा रुग्णाच्या खाटेपाशी बसायला सख्खे भाऊ कचरताना मी पाहिले आहेत. म्हणून त्याने इतके दिवस मौन का पाळले, हे मी विचारणार नाही. पाचगणीविषयीही तो क्वचितच बोलला. अंत्यविधी मात्र पारशी धर्मगुरूंनी, पारशी प्रार्थनांनी झाला. एप्रिल १९९२ मध्ये वेम्बलीवर त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला आणि त्यातून एड्सविरोधी कार्यासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला.

गायक गेला की बँड संपतो, असा साधारण अनुभव. १९९५ साली फ्रेडीच्या अखेरच्या मुद्रणांवरून उरलेल्यांनी एक ध्वनिमुद्रिका पूर्ण केली. त्यानंतर डीकन निवृत्त झाला. मे याने २००७ साली, तीस वर्षांहून अधिक काळ बाजूला पडलेला प्रबंध पुरा करून डॉक्टरेट मिळवली. पॉल रॉजर्स काही वर्षे गायला. गेल्या दशकापासून ॲडम लॅम्बर्ट गात आला. परंतु त्या कार्यक्रमांत एक वेळ अशी येते, की लॅम्बर्ट गप्प राहतो. मागच्या पडद्यावर फ्रेडीचे जुने चित्रण दिसते, त्याची तान येते, आणि समोरचे हजारो लोक, ज्यांतील कित्येक तो गेल्यानंतर जन्मले, तिला उत्तर देतात.