लंच टाईममधला विश्वविक्रम

ही गोष्ट तुम्ही कुठल्या ना कुठल्या कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये नक्की ऐकली असेल. स्लाईडवर एक उंच, हाडकुळा गोरा धावपटू, डोळे मिटलेले, तोंड उघडं, छातीला फीत लागतेय. सांगणारा सांगतो, "चार मिनिटांच्या आत एक मैल धावणं माणसाला अशक्य आहे असं सगळं जग मानत होतं. मग रॉजर बॅनिस्टरने स्वतःवर विश्वास ठेवला आणि तो धावला. त्यानंतर वर्षभरात डझनावारी लोक धावले! अडथळा पायात नव्हता, डोक्यात होता." टाळ्या. पुढची स्लाईड या तिमाहीच्या टार्गेटची.

मी गेली तीनेक वर्षं हौसेने पळतोय. बॅनिस्टर माझा भलताच आवडता माणूस. त्यामुळे ही स्लाईड बघितली की माझं डोकं फिरतं. गोष्ट खोटी आहे म्हणून नाही, अर्धी आहे म्हणून. आणि जो अर्धा भाग गाळलाय तोच आपल्यासारख्या नोकरी सांभाळून पळणाऱ्यांच्या कामाचा आहे. तर आज ती पूर्ण गोष्ट. १९५४ सालच्या एका इंग्लिश वसंत ऋतूची.

आधी थोडं गणित. एक मैल म्हणजे १६०९ मीटर, त्या काळच्या ट्रॅकवर ४४० यार्डांच्या बरोबर चार फेऱ्या. चार फेऱ्या, चार मिनिटं, म्हणजे प्रत्येक फेरी साठ सेकंदांत. वेग ताशी २४ किलोमीटर. जिममधल्या बऱ्याच ट्रेडमिलचा आकडा २० च्या आसपासच संपतो, यावरून काय ते समजा.

आता "अशक्य मानत होते" याचं बघू. १९४२ ते १९४५ या तीन वर्षांत गुंडर हॅग आणि आर्ने अँडरसन या दोन स्वीडिश धावपटूंनी हा विक्रम आलटून पालटून ४:०६.२ वरून ४:०१.४ वर आणला. सगळं युरोप युद्धात जळत होतं, स्वीडन तटस्थ होता, म्हणून या दोघांना पळायला मैदान आणि पोटभर अन्न तरी होतं. तीन वर्षांत जवळजवळ पाच सेकंद कमी झाले. उरले किती? दीड सेकंद. कुठलाही शहाणा माणूस हा ग्राफ बघून म्हणेल की आणखी एक-दोन वर्षांचा प्रश्न आहे.

पण ग्राफ तिथेच थांबला. नऊ वर्षं. का? तर हॅग आणि अँडरसन यांनी पळण्याचे पैसे घेतले म्हणून दोघांवर बंदी आली. तेव्हा अॅथलेटिक्स 'हौशी' लोकांचं होतं आणि पैशाला शिवणं म्हणजे पाप. बाकीच्या युरोपात एक अख्खी पिढी युद्धात खर्ची पडली होती आणि उरलेली रेशनवर जगत होती. म्हणजे भिंत होती खरी, पण ती डोक्यात नव्हती. ती युद्धाची, भुकेची आणि नियमांची होती.

आता आपला हिरो. जन्म १९२९, ऑक्सफर्डमधून शिकलेला, आणि १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेच्या उंबरठ्यावर. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरमध्ये याच्याकडून इंग्लंडला सुवर्णपदकाची खात्री होती. ऐनवेळी आयोजकांनी वेळापत्रकात आणखी एक उपांत्य फेरी घुसवली. तीन दिवसांत तीन शर्यती. बॅनिस्टरचा सराव कमी पण नेमका, एका मोठ्या शर्यतीसाठी बेतलेला. तिसऱ्या दिवशी पाय संपले, चौथा आला. (त्याच ऑलिंपिकमध्ये झेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ५०००, १०,००० आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं नेली. तो सराव करायचा राक्षसासारखा.) पेपरवाल्यांनी बॅनिस्टरला धुऊन काढलं. तो खेळ सोडून डॉक्टरकीकडे वळणार होता. सोडला नाही, कारण जिव्हारी लागलं होतं.

मग रेस सुरू झाली, आणि ती एकट्याची नव्हती. ऑस्ट्रेलियात जॉन लँडी, अमेरिकेत कॅन्ससचा वेस सँटी आणि इकडे बॅनिस्टर. लँडी पुन्हा पुन्हा ४:०२ च्या आसपास येऊन अडकत होता. सँटीही तिथेच. बॅनिस्टर मे १९५३ मध्ये ४:०३.६ धावला. जूनमध्ये मॉट्स्पर पार्कला ४:०२.०, पण त्यात एक गंमत होती. त्याचा मित्र ख्रिस ब्रॅशर मुद्दाम रमतगमत पळत राहिला आणि बॅनिस्टर त्याला एका फेरीने गाठल्यावर त्याच्यापुढे राहून वेग देऊ लागला. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ही वेळ अधिकृत धरायला नकार दिला. चांगलंच झालं म्हणायचं. नाहीतर अशा जुगाडाने चार मिनिटं मोडली असती तर त्याला आयुष्यभर तेच ऐकावं लागलं असतं.

आता येतो तो भाग जो स्लाईडवर कधीच नसतो. सराव.

बॅनिस्टर सराव करायचा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. हॉस्पिटलपासून जवळच पॅडिंग्टन रिक्रिएशन ग्राउंड होतं. तिथे जायचं, कपडे बदलायचे, पळायचं आणि परत वॉर्डात. सगळं मिळून तासाभरात. आपण "वेळच मिळत नाही यार" म्हणतो ना, त्या वेळेत. स्वतः श्वसनावर संशोधन केलेला माणूस. ट्रेडमिलवर लोकांना (आणि स्वतःलाही) धापा टाकेपर्यंत पळवून त्याने श्वासाची मापं घेतली होती. त्यामुळे त्याला पक्कं ठाऊक होतं की मध्येच झटका मारून पळणं महाग पडतं, सगळ्यात स्वस्त वेग म्हणजे समान वेग.

पण एकट्याने पळून तो एका टप्प्यावर अडकला होता. तेव्हा तीन गोष्टी बदलल्या. पहिली, ब्रॅशर. दुसरी, ख्रिस चॅटवे. आणि तिसरी, या दोघांमुळे ओळख झालेला ऑस्ट्रियन प्रशिक्षक फ्रांझ स्टँप्फल, ज्याला युद्धात इंग्रजांनी 'शत्रूचा नागरिक' म्हणून पकडून जहाजात कोंबून ऑस्ट्रेलियाला पाठवलं होतं. आणि हे मित्र काही पूर्णवेळ खेळाडू नव्हते हं. ब्रॅशर एका तेल कंपनीत नोकरीला, चॅटवे गिनेस या बिअर कंपनीत. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी संध्याकाळी, ऑफिसं सुटल्यावर चेल्सीतल्या एका बराकीच्या ट्रॅकवर भेटायचं, पळायचं आणि मग एकत्र काहीतरी खायला जायचं. आपल्या वीकेंड ग्रुपसारखंच की!

डिसेंबर १९५३ मध्ये नवा प्लॅन सुरू झाला. ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटांची विश्रांती. सुरुवात फेरीला ६६ सेकंदांनी. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, हळूहळू एकेक सेकंद खाली. लंडनच्या थंडीत आणि पावसात. एप्रिल आला तेव्हा ६१ वर होते. टार्गेट ६०. आणि तो एक सेकंद काही केल्या जाईना.

अशा वेळी आपण काय करतो? आणखी जोर लावतो. वीकेंडला पण ऑफिसला जातो. बॅनिस्टर आणि ब्रॅशर यांनी काय केलं? गाडी काढली, रातोरात स्कॉटलंड गाठलं आणि काही दिवस चक्क डोंगर चढले. ट्रॅक नाही, घड्याळ नाही. शर्यत महिन्यापेक्षा कमी अंतरावर असताना! एक पाय मुरगळला असता तर सगळं संपलं होतं. परत आले, ट्रॅकवर उतरले आणि दहा फेऱ्या ५९ सेकंदांनी मारल्या. शरीराला कमी पडत होती ती मेहनत नव्हतीच, विश्रांती होती.

एप्रिलच्या शेवटी बॅनिस्टरने पाऊण मैलाची चाचणी घेतली. २:५९.९. पुरेसं होतं. मग शेवटचे पाच दिवस पळणं पूर्ण बंद. मला या गोष्टीतलं सगळ्यात अवघड हेच वाटतं. आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत समोर आणि पाच दिवस हातावर हात ठेवून बसायचं.

६ मे १९५४, गुरुवार. ऑक्सफर्ड विद्यापीठ विरुद्ध अमॅच्युअर अॅथलेटिक असोसिएशन हा वार्षिक सामना. इंग्लंडचा हंगाम नुकताच उघडत होता, लँडी युरोपात धावायला फिनलंडला आला होता, सँटीचाही हंगाम सुरू झालेला. उशीर परवडणारा नव्हता. बॅनिस्टरने सुट्टी टाकली का? छे. सकाळी हॉस्पिटलमध्ये होता. तिथल्याच लॅबमध्ये बुटांचे खिळे घासून टोकदार केले आणि त्यांना ग्राफाईट चोळलं, म्हणजे ट्रॅकची ओली राख चिकटायला नको. मग पॅडिंग्टनहून ट्रेन पकडली.

बाहेर सोसाट्याचा वारा. एवढ्या वाऱ्यात फेरीमागे एक सेकंद जाणार, म्हणजे चार मिनिटांसाठी शांत हवेतल्या ३:५६ ची ताकद हवी, असं त्याचं गणित. ट्रेनमध्ये स्टँप्फल भेटला. त्याचं म्हणणं, तेवढी ताकद तुझ्यात आहे, आणि ही संधी सोडलीस तर स्वतःला कधी माफ करणार नाहीस. तरी बॅनिस्टरचं ठरेना. संध्याकाळी सहाची शर्यत, आणि त्याचं लक्ष मैदानाजवळच्या चर्चवरच्या फडफडणाऱ्या झेंड्याकडे. अगदी शेवटी झेंडा थोडा खाली पडला. ठरलं, पळायचं.

सहा जण. ब्रॅशरने आधी सुटून फॉल्स स्टार्ट केला. मग नीट सुरुवात झाली. ब्रॅशर पुढे, बॅनिस्टर मागे. पाच दिवसांच्या विश्रांतीने पाय इतके ताजे की बॅनिस्टर मागून ओरडला, "आणखी जोरात!" ब्रॅशरने ऐकलं नाही. पठ्ठ्या आपल्याच वेगात राहिला. पहिली फेरी ५७.५. म्हणजे वेग आधीच जास्त होता! तेव्हा ऐकलं असतं तर चौथ्या फेरीत बॅनिस्टर मेला असता. अर्धा मैल १:५८. ब्रॅशर दमला, चॅटवे पुढे आला. पाऊण मैलाला तीन मिनिटांपेक्षा किंचित जास्त, म्हणजे शेवटची फेरी साठच्या आत हवी. शेवटच्या फेरीत बॅनिस्टर चॅटवेला मागे टाकून सुटला, आणि फीत तोडून लोकांच्या हातांत कोसळला.

निकाल सांगायला माईकवर होता नॉरिस मॅकव्हर्टर. त्याने मुद्दाम लांबण लावली. नवा मैदानी विक्रम, नवा ब्रिटिश विक्रम, नवा विश्वविक्रम... वेळ तीन... बस्स. "तीन" च्या पुढचं गर्दीच्या आरडाओरड्यात कुणालाच ऐकू आलं नाही. ३ मिनिटं ५९.४ सेकंद. (जाता जाता : गिनेसमधल्या चॅटवेनेच पुढे कंपनीला नॉरिस आणि त्याच्या जुळ्या भावाचं नाव सुचवलं, आणि त्यातून गिनेस बुक ऑफ रेकॉर्ड्स आलं.)

मग "वर्षभरात डझनावारी" चं काय? ४६ दिवसांनी, २१ जूनला, फिनलंडमधल्या तुर्कूला लँडी ३:५८ धावला आणि विक्रम त्याचा झाला. १९५४ संपेपर्यंत यादीत नावं दोनच. बॅनिस्टर आणि लँडी. मे १९५५ मध्ये लंडनला एकाच शर्यतीत तिघांनी चार मिनिटं मोडली आणि त्यातला एक आपला चॅटवे. आणि वेस सँटी? ४:००.५ पर्यंत आला, पण त्याला कधीच जमलं नाही. बॅनिस्टरने "डोक्यातली भिंत" पाडल्यानंतरही. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायचं का?

माझा राग आहे तो इथे. ही अर्धी गोष्ट ऐकणाऱ्याला हेच सांगते की जमलं नाही तर दोष तुझ्या विश्वासाचा. वेळ दिला का, माणसं दिली का, विश्रांती मिळाली का, हे विचारायचंच नाही. विश्वास लागतोच, नाही कोण म्हणतंय? पण जून २०२५ मध्ये केनियाची फेथ किपयेगॉन पॅरिसला चार मिनिटं मोडायला उतरली. खास बूट, खास कपडे, वेग द्यायला धावपटूंचा ताफा, आणि विश्वास तर काठोकाठ. वेळ आली ४:०६ च्या थोडी वर. आजवर कुठलीही बाई मैल इतका जोरात धावली नव्हती, पण चार मिनिटं नाही. तिच्या डोक्यात भिंत होती असं कुणी म्हणून दाखवावं!

बॅनिस्टरने त्याच ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरला लँडीला समोरासमोर हरवलं, युरोपियन अजिंक्यपद जिंकलं, आणि वर्षअखेर पंचविसाव्या वर्षी पळणं बंद करून मेंदूविकारतज्ज्ञ व्हायला निघून गेला. २०१८ मध्ये वारला. शर्यतीपेक्षा आपलं वैद्यकीय काम त्याला जास्त मोलाचं वाटायचं.

आणि तो "आणखी जोरात" न ऐकणारा ब्रॅशर? १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचं सुवर्णपदक घेऊन आला. १९७९ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन धावला, तिथली साधी माणसं पळताना बघून भारावला, आणि मित्र जॉन डिस्ली याच्याबरोबर १९८१ च्या मार्चमध्ये पहिली लंडन मॅरेथॉन भरवली. सहा हजारांहून जास्त लोकांनी ती पूर्ण केली. तेव्हापासून इंग्लंडातली हजारो नोकरदार मंडळी डिसेंबरात प्लॅन भिंतीवर चिकटवतात, थंडीपावसात लंच टाईमला पळतात, आणि वसंतात शर्यतीला उभी राहतात.

त्यांच्यापैकी चार मिनिटांत मैल कुणीच धावणार नसतं. पण प्लॅन तोच. डिसेंबरात सुरुवात, हळूहळू वेग, शुक्रवारी मित्र, अडकलात तर डोंगर, आणि शेवटी काही दिवस गप्प बसायचं. तुमची शर्यत कधी आहे?