भोर-वेल्ह्यातील टपाल आणि पत्रपेटी

भोर आणि वेल्हे परिसरात दाराला किंवा फाटकाला पत्रपेटी लावण्याची चाल अलीकडची आहे. टपाल येथे माणसाच्या हातून माणसाच्या हाती जात आले. शिवकाळात आणि पेशवाईत ते जासूद व हलकारे नेत. पुष्कळदा दोन जासूद बरोबर निघत, म्हणजे वाटेत एकाला अडचण आली तरी दुसरा पुढे जाई. राजगड राजधानी असताना गुंजवणी आणि कानंद नद्यांची खोरी अशा माणसांच्या सततच्या वाटेवर होती.

पत्रव्यवहाराशी भोरचे नाते याहूनही जवळचे आहे. अष्टप्रधानांत राजपत्रे वाचून मजकुरातील अधिक-उणे सुधारण्याचे काम सचिवाचे होते. राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायणांकडे आले आणि त्यांचे वंशज, पंतसचिव, भोर संस्थानाचे अधिपती झाले. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. वेल्हे हा त्यातलाच तोरण्याच्या, म्हणजे प्रचंडगडाच्या, पायथ्याचा भाग.

या इतिहासातले सर्वांत मोलाचे प्रकरण संस्थानाच्या स्वतःच्या तिकिटांचे आहे आणि ते भोरमध्येही फारसे सांगितले जात नाही. 1879 मध्ये, पंतसचिव शंकरराव चिमणाजी गादीवर असताना, भोरने अर्धा आणा आणि एक आणा अशी दोन तिकिटे काढली. देशी कागदावर लाल रंगात हाताने ठसे उमटवून ती केली होती, त्यांना दातेरी कडा नव्हत्या. 1901 मध्ये पंतसचिवांच्या चित्राचे अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले. डोंगराळ मुलखातल्या लहान संस्थानाने तिकिटे काढावीत, ही साधी गोष्ट नव्हे. जगभरच्या तिकीटसंग्राहकांच्या सूचींत भोरचे नाव आजही आहे ते याच तिकिटांमुळे. पण 1879 च्या जुलैतच इंग्रज सरकारने पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू केले होते. पाव आण्यात देशभर जाणाऱ्या कार्डापुढे संस्थानी टपालाचा टिकाव लागणे कठीणच होते.

इंग्रज सरकारच्या टपालाबरोबर लाल पेटीही आली. मोठ्या गावात ती पोस्टाच्या भिंतीत बसवलेली असे, लहान गावात शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीला टांगलेली. पेटी उघडण्याची वेळ तिच्यावर लिहिलेली असे आणि किल्ली टपाल खात्याकडे राही. ही पेटी पत्र टाकण्यापुरती होती. आलेले पत्र पोस्टमन वाडीवर नेई किंवा शाखा डाकघरातून घरच्यांना मिळे. म्हणूनच पत्त्यात ‘मु.’ आणि ‘पो.’ वेगळे लिहीत. वाडी एक आणि तिचे टपाल वाटणारे डाकघर दुसरे, अशी स्थिती डोंगरात नेहमीचीच होती. मुंबईला कामाला गेलेल्यांची मनिऑर्डर याच पत्त्यावर येई. धरणांखाली खोरी गेली, तेव्हा उठलेल्या गावांचा मुक्काम बदलला आणि त्याबरोबर पत्ताही.

सह्याद्रीच्या पावसात पत्र्याची पेटी गंजते, कुलूप अडकते. तरी ती बदलणे गावाच्या हाती नव्हते, कारण पेटी सरकारची होती. 1898 च्या भारतीय डाकघर कायद्यात पेटीत आग, स्फोटक किंवा घाण टाकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद होती. परवानगीवाचून तिच्यावर कागद चिकटवला किंवा रंग फासला, तरी 50 रुपयांपर्यंत दंड होई. हा कायदा जाऊन 18 जून 2024 पासून 2023 चा डाकघर कायदा लागू झाला.

घरोघरच्या पेट्या फ्लॅट, बंगले आणि गृहसंस्था वाढल्या तेव्हा आल्या. बहुमजली इमारतीत त्या तळमजल्यावर एका रांगेत असतात, जिन्याजवळच्या भिंतीवर. बंगल्याच्या फाटकावरची पेटी मोडली तर मालक ती स्वतःच बदलतो. इमारतीतल्या सामाईक रांगेचा मात्र आकार, रंग आणि जागा संस्था ठरवते, त्यामुळे तेथे बदल करण्यापूर्वी संस्थेच्या समितीला विचारावे लागते. गावातल्या भिंतीवरची लाल पेटी गंजली, तर तक्रार आजही डाकघरातच करावी लागते.