पंडिताची शंका

सत्य आपल्या मुठींत आलें असें ज्यास वाटतें, त्यानें नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचें चरित्र अवश्य पाहावें. १८२५ मध्यें झांशीनजीक जन्मलेल्या व काशींत वाढलेल्या ह्या चित्पावन पंडितांनीं, जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ ह्या ग्रंथास उत्तर म्हणून संस्कृतांत ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचून ख्रिस्ती मताचें खंडन केलें. पण ज्याचें खंडन केलें, त्याच मताची दीक्षा त्यांनीं १८४८ मध्यें जौनपूर येथें घेतली!

कथा येथेंच संपती, तर ती केवळ मतांतराची ठरती. पुढें ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनीं जुन्या दर्शनांवर तर्काची धार चालविली. परंतु ती धार स्वतःच्या श्रद्धेवरहि फिरत राहिली. ज्यांच्या लेखनानें पंडिता रमाबाईंची ख्रिस्ती सिद्धांतांविषयीं खात्री पटली, त्यांची स्वतःची शंकेशीं झुंज मात्र चालूच होती. काउली येथील ख्रिस्ती संन्यासी-संघांत उमेदवार म्हणून राहूनहि अखेरचीं व्रतें त्यांनीं घेतलीं नाहींत.

१८९५ मध्यें ते मुंबईस निवर्तले. खंडनाच्या आवेशांत एकदां चुकलेल्या बुद्धीवर पुन्हां आंधळा विश्वास टाकण्यास ते धजले नसावेत. शंका आली म्हणून त्यांनीं श्रद्धा टाकली नाहीं, आणि श्रद्धा आहे म्हणून शंका झांकलीहि नाहीं. विद्वानाची नम्रता म्हणतात ती हीच.