शेतातले काडतूस, सीमेवरचे काडतूस

अमेरिकेतील शेतकऱ्याला वुडचक या बिळे करणाऱ्या प्राण्याचा फार उपद्रव. पीक खाई ते वेगळेच, बिळात पाय अडकून गुरेढोरेही जायबंदी होत. प्राणी लहान आणि सावध, आसपास वस्ती. तेव्हा गोळी हलकी नि वेगवान हवी; जमिनीला लागताच फुटावी, उसळून कुणाच्या दारात जाऊ नये.

१९३० साली '.२२ हॉर्नेट' बाजारात आले. आवाज बेताचा, पण पल्ला तोकडा. १९३५ च्या '.२२० स्विफ्ट'ची गोळी सेकंदाला चार हजार फुटांहून अधिक वेगाने सुटे. मात्र नळी लवकर झिजे. १९५० मध्ये रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर यांनी '.२२२' काढून सुवर्णमध्य साधला.

पुढे अमेरिकी लष्कराला हलकी रायफल हवी झाली. काडतूस हलके असले की जवान जास्त बाळगू शकतो. म्हणून .२२२ चेच पितळी कवच थोडे लांबवून .२२३ घडले, लष्करी भाषेत ५.५६ मिलिमीटर. आपली इन्सास रायफल याच मापाची. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत या मापाची काडतुसे बनतात, आणि १९९९ च्या कारगिल युद्धात इन्सास आपल्या जवानांच्या हाती होती.

पीक राखण्यासाठी शोधलेले माप असे देश राखण्याच्या कामी आले. फरक एवढाच, की आता गोळीसमोर वुडचक नव्हे, माणूस असतो.