एक अब्जावरची संख्या आणि पाटणचा शिलालेख

१,७६,६३,१९,०४९ या संख्येच्या वर्गातून १ वजा केला, तर बाकीस ६१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकारही पूर्ण वर्गच येतो. तो २२,६१,५३,९८० चा वर्ग होय. १ ही क्षुल्लक संख्या सोडली, तर हा गुण असलेली याहून लहान पूर्ण संख्या नाही. शेजारच्या ६० बाबत हेच काम ३१ करते, ६२ बाबत ६३. मधल्या ६१ साठी मात्र अब्जाच्या पलीकडे जावे लागते. एकेक संख्या तपासत तेथवर पोहोचणे हाताने शक्य नाही. त्यासाठी पद्धतच हवी.

ती पद्धत भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (इ. स. ११५०) आहे आणि ६१ चे हे उदाहरणही तेथलेच. ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, अंतर ४. हवे असलेले उत्तर हे नव्हे, पण ते टाकूनही द्यायचे नाही. अशा अपुऱ्या उत्तरांच्या संयोगातून नवे उत्तर घडवण्याचा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच दिला होता. त्याच नियमाने पुढे २९,७१८ ही संख्या मिळते; तिच्या वर्गाच्या दुपटीत १ मिळवला की आपली संख्या हाती येते. चक्रवाल नावाची ही रीत एकट्या भास्कराचार्यांची नव्हे. उदयदिवाकराने इ. स. १०७३ मधील टीकेत जयदेव या पूर्वसूरीची तशीच रीत नोंदवली आहे.

इ. स. १६५७ मध्ये फ्रान्समध्ये फर्माने समकालीन गणितज्ञांना आव्हान दिले, तेही नेमके ६१ चे. इंग्लंडमध्ये ब्राउंकरने अशा प्रश्नांची रीत शोधली. ऑयलरने गैरसमजाने समीकरणाला पेलचे नाव दिले आणि तेच रूढ झाले. येथे चोरीचा आरोप करण्याचे कारण नाही. ‘बीजगणिता’चे कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतरच इ. स. १८१७ मध्ये आले. तेव्हा ‘आमच्याकडे हे आधीच होते’ एवढ्यावर आम्हांला थांबवत नाही. ज्ञान आधी असणे आणि ते पुढे पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पुढे पोहोचवण्याची एक खटपट मराठीच्या अभ्यासकांना परिचित अशा ठिकाणीच कोरलेली आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव (ज्ञानेश्वरांच्या चरित्रातले योगी चांगदेव ते हे नव्हेत) यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. लेखाचा आरंभ संस्कृतात आहे. दानाचा तपशील मात्र मराठीत उतरतो: पाटणच्या बाजारातील मालावरचा राजाचा हिस्सा मठाला दिला, अशा अर्थाचा.

भाषेच्या वर्गात हा लेख येतो तो जुन्या मराठीचा नमुना म्हणून. विभक्तिप्रत्यय तपासले जातात, रूपे नोंदली जातात. ते आवश्यकच आहे. परंतु ही मराठी कशासाठी लिहिली गेली, हा प्रश्न बहुधा वर्गाबाहेरच राहतो. गणिताचे पाठ संस्कृतात चालत राहावेत, म्हणून त्यांच्या खर्चाची तजवीज बाजारातल्या लोकांना कळेल अशा भाषेत कोरावी लागली. मराठीच्या आरंभीच्या लेखी पुराव्यांपैकी एक अशा रीतीने गणिताच्या अध्यापनाशी बांधलेला आहे. साहित्याच्या इतिहासाने ही नोंद घेतली, तर वाङ्मय आणि शास्त्र यांच्यामध्ये घातलेली भिंत किती अलीकडची आहे, हे विद्यार्थ्यांना त्या शिळेवरूनच दाखवता येईल.