वजाबाकीतला लोहमार्ग

नागपुरातील नंदनवन या वस्तीचे नाव ज्याने ठेवले, त्याच्या मनात इंद्राचे उपवन असो वा नसो, ग्रेट नाग रोडवरच्या रहदारीत अडकलेल्या रहिवाशाला त्या नावाचे अंमळ हसूच येते. याच वस्तीत १९८४ साली स्थापन झालेले कर्मवीर दादासाहेब कन्नमवारांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; आणि रस्त्यांची विद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे जे सूत्र घोकावे लागते, त्याला देशभर ‘नागपूर योजना’ म्हणतात, ही गोष्ट घोकणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ध्यानी येत असेल, कोण जाणे.

त्या सूत्राचे मर्म कळण्यासाठी जरा मागे जावयास हवे. वऱ्हाड-नागपूरचा कापूस एके काळी वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल तुडवीत गंगेकाठच्या मिर्झापूरच्या पेठेस जात असे. १८६७ साली मुंबईकडून येणारी आगगाडी नागपुरास पोचली, कापसाने तोंड फिरवून मुंबईचा रस्ता धरला, आणि तांड्यांचे दिवस भरले. पुढे सरकारचा जीव लोहमार्गांत असा गुंतला, की सडक म्हणजे स्टेशनापर्यंत माल आणून टाकणारी दासी, एवढीच तिची पायरी उरली. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या तेव्हा कोठे १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ साली रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभा राहिला, आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निघाली. परंतु मोटार आपले उतारू आणि माल पळविते, ही रेल्वेची फिर्याद तोवर सरकारदरबारी रुजू झालेली होती. मिचेल आणि कर्कनेस या दोघा अंमलदारांचा १९३३चा अहवाल याच कज्ज्यापायी लिहिला गेला.

अशा स्थितीत, दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४३च्या डिसेंबरात निरनिराळ्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या या राजधानीत जमले, आणि पुढल्या वीस वर्षांच्या रस्त्यांचा आराखडा त्यांनी मुक्रर केला. राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंत सडकांच्या पाच प्रती त्यांनी ठरविल्या, आणि मुख्य सडकांच्या लांबीचा हिशेब असा बांधला: शेतीखालील चौरस मैलांचा पाचवा हिस्सा घ्यावा, बिनशेतीच्या मुलखाचा विसावा, दोन ते पाच हजार वस्तीच्या दर गावामागे एक मैल आणि त्याहून मोठ्या दर गावामागे पाच मैल मिळवावेत, भावी वाढीसाठी शेकडा पंधरा धरावेत, आणि या साऱ्या बेरजेतून त्या मुलखातील लोहमार्गाची लांबी वजा करावी.

पाचवा हिस्सा हा आकडा लहरीने आलेला नव्हे. शेतीच्या मुलखावर दहा-दहा मैलांचे चौकोन पाडून त्यांच्या कडांनी सडका नेल्या, तर प्रत्येक कड दोन चौकोनांत वाटली जात असल्यामुळे शंभर चौरस मैलांच्या वाट्यास वीस मैल सडक येते. आणि चौकोनाच्या ऐन मध्यावरचे गावही सडकेपासून पाच मैलांहून दूर राहत नाही. पाच मैल म्हणजे बंडी जुंपून सकाळी निघावे आणि दिवेलागणीस घरी परतावे, एवढा पल्ला. बिनशेतीच्या मुलखात हेच चौकोन चाळीस मैलांचे, म्हणून विसावा हिस्सा. एवढ्या रुक्ष सूत्रात बैलाची चाल लपलेली आहे, हे मला त्याचे सर्वांत लोभस अंग वाटते.

त्या वजाबाकीविषयी मात्र तसे म्हणवत नाही. रूळ जेथे आहेत तेथे सडकेची गरज तेवढी कमी, हा तर्क रेल्वेच्या फिर्यादीचाच प्रतिध्वनी होता; मोठ्या गेजचा मैल आणि छोट्या गेजचा मैल यांत त्याने भेद केला नाही, आणि आगगाडी आपल्या स्टेशनांवरच थांबते, सडक प्रत्येक बांधावर थांबते, हा साधा फरकही त्याने हिशेबात धरला नाही. १९६१ साली पुढल्या वीस वर्षांसाठी मुंबई योजना झाली, तेव्हा ही वजाबाकी मुकाट्याने गाळण्यात आली. तोवर नागपूर योजनेचे लांबीचे उद्दिष्ट ओलांडले गेले होते. त्यातले किती मैल पावसाळ्यात चालण्याजोगे होते, हा प्रश्न निराळा.

आणखी एक उणीव उरलीच. सूत्राने जमीन मोजली, गावे मोजली, परंतु माल मोजला नाही. कोणत्या सडकेवरून किती वजन, कोठून कोठे जाईल, याची दखल त्यात नव्हती. मालाचा आणि माणसांचा उगम शोधून त्यांचे ओघ रस्त्यांवर वाटून देण्याची रीत १९५०च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागो येथील पाहण्यांतून आकारास आली, आणि आपल्याकडे ती त्यानंतर पोचली. पुढे काश्मीर-कन्याकुमारीची आणि सुरत-कोलकात्याची वाहतूक नागपुरातच एकमेकींस छेदू लागली, आणि पूर्व नागपुरात कळमन्याच्या बाजारापुढे मालमोटारींच्या रांगा लागू लागल्या.

इतवारीहून उमरेड-भिवापूरवरून नागभीडला जाणारी छोट्या गेजची गाडी रुंदीकरणासाठी २०१९च्या नोव्हेंबरात बंद झाली. १९४३च्या हिशेबात तिच्याही प्रत्येक मैलापायी त्या मुलखाच्या वाट्याची एकेक मैल सडक उणी झाली होती. भिवापूरची मिरची आता सडकेनेच नागपुरास येते.